धनुष्याच्या पोटावरच्या रेषा

दोरी उतरवली की धनुष्यानं सरळ व्हावं, दिवसभर राबून आलेल्या माणसानं अंथरुणावर अंग ताणावं तसं. टिबॉटचं धनुष्य आता सरळ होत नव्हतं. दाराआड टेकवून ठेवलं तरी वाकलेलंच राही. न दिसणारी एक दोरी कुणीतरी ओढून धरल्यासारखं.

हॉविसनं ते मांडीवर घेतलं. धनुष्याला मेण आणि चरबी चोळायचं काम हेझलकोट गावात बायकांचंच. यू झाडाचं पाठीकडचं फिकट लाकूड तिनं पुसलं, मग धनुष्य उलटं केलं. बाण मारताना नवऱ्याच्या तोंडाकडं येणारी ही बाजू, धनुष्याचं पोट. तिथल्या तांबूस लाकडावरून अंगठ्याचं नख सरकवत ती खाली आली. मुठीच्या जरा खाली नख अडलं. तिनं पुन्हा फिरवलं. पुन्हा अडलं. केसासारख्या बारीक आडव्या रेषा, एकीखाली एक, म्हाताऱ्याच्या कपाळावर असतात तशा.

तिचा बाप धनुष्यं घडवायचा. रोज ताणून ताणून लाकूड पोटाकडून चुरडतं, हे तिनं त्याच्याच अंगणात पाहिलं होतं. अशा रेषांचं धनुष्य दुरुस्तीला आलं की बाप ते परत द्यायचाच नाही. मालकासमोर चुलीत घालायचा.

आता उठावं आणि टिबॉटला सांगावं. ती उठली नाही.

सेंट मायकेलच्या सणाला सरदार येणार होता. राजाची फ्रान्सशी लढाई पुन्हा पेटली होती, त्याला धनुर्धारी हवे होते. मागच्या खेपेला टिबॉटचे दोन्ही भाऊ गेले, ते तिकडचेच झाले. बोलावणं नाकारणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नसे. सुटायची वाट एकच. निवडीच्या वेळी ज्याचं धनुष्य मोडेल त्याला सरदार नेत नाही. असल्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून लढायला कुणी तयार होत नाही, अपशकुन मानतात. तो वर्षभर घरी राहतो आणि त्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

हॉविसनं मेणाचा गोळा चुलीच्या उबेला धरला आणि एकेक रेष भरून काढली. गावच्या बायका मेण चोळताना गातात ते तिच्या ओठांवर आपसूक आलं,

वाक गं यूच्या फांदी, वाक पण मोडू नको,
उंबरा सोडून माझा, परकी वाट धरू नको

‘मोडू नको’पाशी तिनं गाणं सोडलं. पुढचं तिनं नुसत्या हातानं चोळलं. रेषा दिसेनाशा झाल्या.

बाकीचे पुरुष रविवारी प्रार्थना झाली की निशाणासाठी रचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यापुढं उभे राहत. टिबॉट मात्र रोज जाई. कापणीहून यायचा, तुकडाभर भाकरी तोंडात कोंबायचा आणि चालायला लागायचा. अंधार पडेपर्यंत दोरीचा टणत्कार गावात ऐकू यायचा.

“अगं हॉविस,” विहिरीवर गनिल्डआत्या म्हणाली, “तुझा नवरा त्या ढिगाऱ्याशी लग्न लावतोय की काय?”

“लावू दे की आत्या. सवत तरी गप्प बसणारी मिळेल.”

आत्या दात नसलेलं हसली. मग घागर कमरेला घेताना म्हणाली, “हसण्यावारी नेऊ नकोस. लाकडाला दम खाऊ द्यावा. आमच्या म्हाताऱ्यानंही असंच एक झिजवलं. मोडलं ते त्याचा डोळा घेऊनच.”

हॉविस घागर अर्धीच भरून घरी निघाली.

त्या संध्याकाळी ती दारात आडवी उभी राहिली. “आज राहू दे. आपण सणाला जत्रेत जाऊ, तेव्हा मार काय मारायचं ते.”

“सण म्हटलं की सरदार आलाच.”

“म्हणून तर म्हणते, ठेव ते.”

“हो बाजूला.” तो तिच्याकडं न बघता म्हणाला. “तू तुझं मेण लाव.”

तिनं चमकून मागं पाहिलं. पण तो निघून गेला होता. पूर्वी ढिगाऱ्यात रुतणारे त्याचे बाण आताशा पायथ्याशीच पडत होते.

निवडीच्या दिवशी सरदार घोड्यावरूनच ओरडला, “कानापर्यंत ओढा! मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही.”

सगळ्यांनी ओढलं. सरदारानं नाक पुसलं आणि शेजारच्या शिपायाशी काहीतरी बोलू लागला. हात थरथरायला लागले. बायकांच्या घोळक्यातून हॉविसला एक बारीक करकर ऐकू आली, जुन्या दाराची असावी तशी. मोड, ती मनात म्हणाली. मोड बाबा. मग तिला टिबॉटचा गाल दिसला, लाकडाला इतका जवळ. मोड, पण डोळा नको. हात गेला तरी चालेल, डोळा नको.

“सोडा!”

बाण गेला. धनुष्य शाबूत होतं.

“जुनंच दिसतंय, पण चिवट आहे,” सरदार म्हणाला. “डाग द्या.” लोहारानं तापलेली मोहोर मुठीवर टेकवली, धूर निघाला. आता ते धनुष्य आणि तो माणूस, दोघंही राजाचे. जो आपलं डागलेलं धनुष्य मुद्दाम बिघडवील त्याचा हात मनगटातून जाईल, हेही सरदारानं सगळ्यांना ऐकवलं.

हॉविसनं टिबॉटला चर्चच्या भिंतीआड ओढलं. “टिबॉट, ऐक. त्याच्या पोटाला...”

“ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“रेषा. मेंढ्या कातरल्या तेव्हापासून ठाऊक आहेत. उगाच रोज मरत होतो का त्या ढिगाऱ्यापुढं? झिजावं, आज सगळ्यांसमोर मोडावं, म्हणून तर. आणि तू रेषा भरल्यास तेव्हा कळलं, हिलाही हेच हवंय.”

“मग बोलला का नाहीस माझ्याशी?”

“तू बोललीस?”

ती भिंतीला टेकली. “जाऊन दुसरं माग. त्यांच्या गाडीत ढिगानं असतील.”

“मागितलं की हे हातात घेऊन बघतील. मेण खरवडतील. रेषा आपोआप पडतात, हॉविस. त्यात मेण आपोआप भरत नाही. ते कुणी भरलं, विचारतील.”

तिनं आपले मेणाचे हात झग्यात लपवले.

“वाटेत मोडेल,” तो म्हणाला. “फ्रान्सच्या समुद्राच्या अलीकडं मोडलं म्हणजे झालं. आपणहून मोडलं तर दुसरं देतात.”

“आणि पलीकडं?”

त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

सकाळी माणसं निघाली. टेकडीवर पोचली की मागं वळून गावाकडं एक बाण सोडायचा, अशी रीत. बायका कुंपणाशी उभ्या होत्या. बाण आले ते चढाच्या माथ्याखाली गवतात पडले. शेवटचा उशिरा आला. तो सगळ्यांच्या डोक्यावरून उंच गेला आणि थेट कुंपणाच्या आत रुतला.

“तुझ्याच घरचा गं!” गनिल्डआत्यानं टाळी वाजवली. “काय दमाचं धनुष्य म्हणायचं! राखील हो त्याला.”

हॉविसनं बाण उपसला. इतक्या लांब त्यानं वर्षभरात मारलं नव्हतं. कानाच्याही मागं ओढलं असणार, बाणाचं टोक मुठीत शिरेपर्यंत, आणि धरून ठेवलं असणार, मोडेल म्हणून.

बायका पांगल्या. टेकडीवर कुणी उरलं नव्हतं. गाड्यांच्या चाकांचा आवाज वाऱ्यावर येत होता आणि ती त्याच्यामागं कान लावून उभी होती, लाकूड मोडल्याचा आवाज कुठं येतो का ऐकत.