दोन नळ्या आणि एक हात

तक्रार.
शाळेतल्या बाईंच्या गाडीला थंडीही वाजत होती आणि तापही चढत होता. हीटर लावला की तोंडावर गार वारा, आणि चढाला लागलं की काटा थेट लाल रेघेवर.
"आमच्या ह्यांच्यासारखीच आहे," बाई म्हणाल्या. "आतून पेटलेली, वरून थंडगार." मिस्त्रींच्या गॅरेजात किल्ली ठेवून त्या शाळेत गेल्या.

पाणी कमी?
भरलेलं होतं.

पंखा?
फिरत होता.

पाण्यात हवा अडकलीय?
मिस्त्रींच्या थोरल्या मुलीनं ती काढली. फरक शून्य.

मग नळ्या.
इंजिनातलं तापलेलं पाणी एका नळीनं हीटरमध्ये जातं, दुसरीनं परत येतं. दोन्ही गार लागल्या, तर पाणी ढकलणारा पंपच गेला समजायचं. ह्याला यंत्र लागत नाही, हात लागतो. आणि हात म्हणजे मिस्त्रींचा हात. त्यांनी बॉनेटवर तळवा टेकला की इंजिन खरं बोलतं, असं गॅरेजात सगळेच म्हणत.

इंजिन चालू ठेवून त्यांनी आधी एक नळी मुठीत धरली, मग दुसरी. मग पुन्हा पहिली, जरा जास्त वेळ.
"दोन्ही गार. पंप गेलाय. उतरव."
पंप उतरवायचा म्हणजे अर्धं इंजिन उघडायचं. थोरलीनं इंजिन बंद केलं, पाना घेऊन वाकली आणि तिचं मनगट पहिल्या नळीला टेकलं.

आई गं!

थोरली थांबली, म्हणून गोष्टही इथे जरा थांबते.

पहिली नळी विस्तव होती. दुसरी बर्फ. म्हणजे पंप ठणठणीत होता. पाणी हीटरच्या दारापर्यंत येऊन अडत होतं. तिनं रॅडिएटर चाचपला. कडेला गरम, मधे गार. तिथेही गाळ. दोन्ही दुखणी एकाच पोटातली. निदान झालं.

गाडीचं.

"बाबा, हात दाखवा."
"का? ज्योतिष कधी शिकलीस?"
"दाखवा ना."
"हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला मी काय वेडा आहे?" तळवा खिशात गेला.

असंही झालं असतं: थोरली गप्प बसली असती. थोडा वेळ खुडबुड करून "पंप बरा दिसतोय, बाबा, गाळ असेल" म्हणाली असती. म्हाताऱ्याची लाज राहिली असती. पण उद्या हाच हात फिरत्या पंख्याच्या पात्यांपाशी गेला असता.

"पहिली नळी भाजतेय, बाबा. तुम्ही ती मुठीत धरली होतीत."
मग हात बाहेर आला. तळव्यावर लाल पट्टा, मधे फोड भरत चाललेला. दुसऱ्याच कुणाचा असावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.
"कधीपासून?"
"मागच्या हिवाळ्यात बोटांच्या टोकांची जाण गेली. म्हटलं, थंडी असेल."
"आणि पाय?"
मिस्त्रींनी उगाच घसा खाकरला.
"उद्या दवाखाना. साखर तपासायची."
"साखर? म्हणजे जन्मभर कडू बोललो ते फुकटच गेलं म्हणायचं."
ती हसली. हसू येत नव्हतं, तरी हसली. मग त्यांचा हात नळाखाली धरून उभी राहिली, बराच वेळ. लहानपणी तिचे हात ते असेच धुवायचे. आज त्यांनी काही कुरकुर केली नाही.

गाळ.
इंजिन निवल्यावर तिनं नळ्या सोडल्या. हीटरमधून विटकरी पाणी आलं, रॅडिएटरमधून त्याहून घट्ट. स्वच्छ येईपर्यंत ती धूत राहिली. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून मिस्त्री स्टुलावर बसले होते आणि "घाई नको" एवढंच म्हणत होते.

चाचणी.
गाडी फिरवून आणायची ती मिस्त्रींनीच, हा गॅरेजचा कायदा. थोरलीनं किल्लीसाठी हात पुढे केला.
"ब्रेक माझ्या पायाला कळतो," ते म्हणाले.
तिचा हात तसाच पुढे.
त्यांनी किल्ली दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले, पाहुण्यासारखे, अंग चोरून.

चढ लागला. काटा मधेच थांबला, वर गेला नाही. थोरलीनं हीटर लावला. मिस्त्रींनी जाळीसमोर बरा हात धरला, उलटा केला, सुलटा केला.
"आलं का गरम?" त्यांनी विचारलं.
वारा गरमच येत होता, पण तिला ते सांगवेना. ती रस्ता बघत राहिली.
मग ते पुढे वाकले, जाळीला गाल लावला आणि डोळे मिटले.
"आलं," ते म्हणाले. आणि वळण गेल्यावर, तसेच वाकलेले: "गालाला कळतंय अजून. डॉक्टरांना हेही सांग उद्या."