ज्ञानेश्वरीची होडी कोणती

पाण्यावर शिडं नऊ होती. मुंजाबानं ती मेंढरांसारखी जोडीजोडीनं मोजली. चार जोड्या झाल्या आणि एक उरलं. प्रत्येक शिडाखाली एक होडी, होडीत एकच पोर, अंगात केशरी जाकीट, डोक्यावर पांढरी टोपी. अंतर इतकं की चेहरा दिसत नव्हता.

"यातली आपली कोणती, दाजी?" रामेश्वरनं विचारलं. रामेश्वर त्याचा मेहुणा.

"दीडशे मेंढरांत एक कोकरू चालीवरून वळखतो मी. पोटची पोर वळखणार नाय व्हय?"

ज्ञानेश्वरी बारा वर्षांची. दोन वर्षांपासून ती शेंद्र्याला या मामाकडं राहून शिकत होती, आणि दोन वर्षांत बाईंच्या एकाही प्रश्नाला तिनं तोंड उघडलं नव्हतं. वर्गात तिला मुकी म्हणत. दिवाळीत मुंजाबानं ठरवलं, अशी कुढत बसण्यापेक्षा पोर आईबापासंगं रानात बरी. रामेश्वरनं गयावया करून दोन महिने मागून घेतले. धरणाच्या फुगवट्यावर एका संस्थेनं गरिबांच्या पोरांना शिडाची होडी फुकट शिकवायला सुरुवात केली होती. दर रविवारी तो भाचीला मोटरसायकलवरून तिथं सोडी आणि कंपनीत पाळीला जाई. आज शर्यत होती, मुदतही आजच संपत होती. पोर पाण्यात एकटी निभावते असं बापाच्या डोळ्यांना दिसलं तर शाळेत राहील. नाहीतर उद्या पहाटे मेंढरांमागं वैजापूरच्या वाटेला लागेल. तसं दोघांत ठरलं होतं.

मुंजाबानं काठीवर हनुवटी टेकली आणि एकेक होडी न्याहाळली. सगळ्यांत मागची होडी जागच्या जागी फिरत होती. तिचं शीड फडफडत होतं. आतलं पोर मान खांद्यांत घालून, दोन्ही हातांनी कड धरून बसलं होतं.

"ती बघ. ती आपली," तो म्हणाला.

रामेश्वरनं बघितलं. पाहुण्यांपुढंही ज्ञानेश्वरी अशीच बसायची.

पुढं मात्र चुरस होती. दोन होड्या एकमेकींवर चालून आल्या. एकीतलं पोर कमरेपासून बाहेर झुकलेलं, पाठ पाण्याला टेकेल इतकं, दोर दातांत धरलेला. टक्कर होणार असं वाटलं तसा त्यानं दातांतला दोर हातात घेतला आणि ते खच्चून ओरडलं. वाऱ्यावरून शब्द तुटक आले.

"ए, सरक! आधी जायचा हक्क माझा हाय!"

समोरची होडी मुकाट्यानं वळली. मुंजाबा खो खो हसला.

"पोरगी दिसती. कुणाची रं ही? नाव काढील बापाचं."

मग त्याची नजर पुन्हा मागच्या होडीवर गेली आणि हसू विरलं. ती वाऱ्यानं वाहत बेशरमाच्या झुडपांत शिरली होती. मोटारबोट तिच्याकडं निघाली.

"बघितलं तेवढं पुष्कळ झालं," तो म्हणाला. "सांच्याला तिचं दप्तर अन् कपडे बांधून आण."

रामेश्वरनं मान डोलावली.

मोटारबोटीनं होडी काठाला ओढून आणली. शिकवणारी तनुजा हातातलं घड्याळ सांभाळत धावली आणि त्या कुडकुडणाऱ्या पोराभोवती टॉवेल गुंडाळला. टोपी निघाली. आत बारीक कापलेले केस होते.

"काही नाही होत, प्रणय," ती म्हणाली. "पुढच्या वेळी जमेल."

मुंजाबानं पोराकडं बघितलं, मग पाण्याकडं. आठ शिडं उरली होती. त्यानं ती सगळी एकदा धुंडाळली. पुन्हा धुंडाळली. शेवटी त्याला विचारावं लागलं.

"बाई, आमची ज्ञानेश्वरी कंची?"

"ती काय, पुढून दुसरी. मघाशी भांडली ती."

"भांडली ती? आमची?"

"पहिले तीन रविवार होडीच्या तळाशी बसून रडली, काका. आता तिला गप्प करायला मला शिट्टी मारावी लागते."

मुंजाबानं काठी रामेश्वरच्या हातात दिली आणि तो वहाणांसकट पाण्यात शिरला. गुडघाभर पाण्यात तो थांबला. शर्यतीत दुसरी आलेली होडी सरळ त्याच्या रोखानं येत होती. एक हात सुकाणूवर, दुसऱ्यात दोर, मान ताठ. तिनं बापाला ओळखलं, पण दोर काही ढिला सोडला नाही.

"दादा, बाजूला व्हा. होडी लागंल."

मुंजाबा बाजूला झाला.

रामेश्वर काठावर दाजीची काठी धरून अवघडून उभा होता. दप्तर किती वाजता आणू, असं त्यानं विचारलं. मुंजाबा ओल्या धोतराचा सोगा पिळत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेंढरं वैजापूरच्या रस्त्याला लागली. मेंढरं एकशे चोपन्न, घोडी दोन, कुत्री तीन, माणसं दोन, मुंजाबा अन् त्याची बायको.