बाईंचा समुद्र

कुमुदिनीबाईंना एकही हॉटेल पसंत पडेना.

विशाखापट्टणमची तिकिटं त्यांच्या सुनेने, अपर्णाने, होळीच्या आधीच काढून ठेवली होती. बाईंना यंदा पासष्टावं लागलं आणि त्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. म्हणून रंगपंचमी झाली की चार दिवस समुद्रकाठी राहून यायचं, असा बेत. मी बाईंच्या कीर्तनात पेटी वाजवते, त्याला बत्तीस वर्षं झाली. तेव्हा सोबत मी असणारच, हे कुणी मला विचारलंही नाही, आणि विचारायची गरजही नव्हती.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, जयेंद्रगंजातल्या त्यांच्या घरी, रोज संध्याकाळी हॉटेलांची निवड चाले. नात शिखा मोबाइल घेऊन मधोमध बसे.

"आजी, ये देखो. एकदम बीच के सामने. चौदावा मजला, पूर्ण भिंत काचेची."

"इतक्या उंच अधांतरी देवाला निजवायचं?" बाई म्हणाल्या. त्यांचे देव पितळी डब्यात बसून त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडतात, त्यामुळे खोली आधी देवांना मानवली पाहिजे.

"बरं, हे बघा. पहिलाच मजला. बाहेर पडलं की स्विमिंग पूल."

"म्हणजे सोवळ्यात चहा आणायला निघाले की समोर चड्डीतली माणसं."

"आजी, चाय रूम में आती है."

तिसऱ्या हॉटेलाबद्दल शिखाने लोकांचे अभिप्राय मोठ्याने वाचले. कुणी लिहिलं होतं, सगळं छान आहे, पण लाटांच्या आवाजाने रात्रभर झोप लागली नाही.

"बघा," बाई विजयी चेहऱ्याने म्हणाल्या.

"आई, समुद्राला बंद करायचं बटण नसतं," अपर्णा भाजी निवडता निवडता म्हणाली.

मग बघायच्या जागांची यादी निघाली. वाळूवर आणून ठेवलेली खरीखुरी पाणबुडी, आत शिरून बघता येते. कैलासगिरीचा रोपवे. सिंहाचलमचा नरसिंह. यावर मात्र बाई खुलल्या. "सिंहाचलम उत्तम. दोन दिवस तिथेच राहू. मग समुद्रावर गेलंच पाहिजे असं काही नाही."

तिथे मला शंका आली. ही बाई पुष्करला उंटावर बसलेली. टोपी बाजारात उभ्याउभ्या गोलगप्पे खाऊन वर तिखट पाणी मागून घेणारी. हिला काचेच्या भिंतीची कसली भीती?

दुसऱ्या दिवशी आम्ही चैत्राच्या नवरात्राची तयारी करायला बसलो. आमच्या राममंदिरात नऊ दिवस कीर्तन असतं आणि अष्टमीला बाईंचं सेतुबंधन. त्या आख्यानाला शहरभरातून, दाना ओलीतून, पार मुरारहून माणसं येतात. बाईंनी सुरुवात केली, राम सैन्यासह समुद्रकाठी आले, आणि एकदम सेतूच्या दगडांवर उडी मारली. मधला समुद्रच गाळला. मी भाता थांबवला.

"बाई, समुद्र राहिला."

"राहू दे."

"राहू दे कसं? लोक त्यासाठी येतात."

त्यांनी झांज खाली ठेवली. पदराच्या काठाशी चाळा केला. मग म्हणाल्या, "उषा, तुझे व्याही आले होते ना गेल्या अष्टमीला?"

आले होते. माझ्या रुचिकाचे सासरे, मालवणचे. भला माणूस. कीर्तन संपल्यावर त्यांनी बाईंच्या पायांवर डोकं ठेवलेलं मी पाहिलं होतं.

"पायाशी वाकले आणि हळूच म्हणाले, फार सुंदर झालं, फक्त समुद्राला पलीकडचा काठ दिसत नसतो हो."

 बाईंच्या आख्यानात पलीकडचा काठ असतोच. त्या काठावरची झाडं, झाडांमागून निघणारा धूर, आणि तो धूर बघून रामरायाच्या डोळ्यांत आलेलं पाणी. त्या जागी मी पेटीवर भीमपलास धरते आणि पुढच्या रांगेतल्या विजयाबाई दरवर्षी डोळे टिपतात.

"नानांनी मला तिघऱ्याच्या धरणावर नेलं होतं," बाई म्हणाल्या. नाना म्हणजे त्यांचे वडील, त्यांचे गुरूही. "सायकलच्या दांड्यावर बसवून. श्रावण होता, धरणाची दारं उघडलेली. म्हणाले, नीट बघून ठेव, समुद्र सांगायचा तो असाच, याच्या शंभर पट. त्यांनी तरी कुठे पाहिला होता. मी शंभर पट केला गं, पण पलीकडचा काठ तसाच राहिला."

"मग बरं झालं की. आता खरा बघू."

"आणि मग? बत्तीस वर्षं रामासमोर उभी राहून मी चुकीचं सांगितलं, हे डोळ्यांनी बघू? बघितल्यावर अष्टमीला तोंड उघडलं नाही तर? नाही बघितला तर निदान नानांचा समुद्र तरी माझ्याजवळ राहील."

मी समजूत काढली नाही. बाईंची समजूत काढायला जावं तर त्याच आपल्याला दृष्टांत देऊन गप्प करतात. मी एवढंच म्हटलं, "चला आणि बघू नका. खोलीत बसू. मी पत्ते घेते."

त्या हसल्या. शिखाने त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची पूर्वेची खोली ठरवून टाकली, देवांना सकाळचं ऊन मिळेल म्हणून. बाईंनी देवांचा डबा घासायला घेतला.

विशाखापट्टणमला गाडी रात्री उशिरा पोचली. बाईंनी खोलीत शिरताच पडदा ओढून घेतला, देव मांडले आणि जप करत आडव्या झाल्या. पहाटे मला जाग आली तर अंथरूण रिकामं. मी तशीच चपला अडकवून खाली धावले.

बाई वाळूवर उभ्या होत्या. नऊवारीचा काठ घोट्यापर्यंत भिजलेला. समोर सूर्य पाण्यातून वर येत होता आणि बाई सूर्याकडे नाही, त्याच्या डावी-उजवीकडे बघत होत्या. हरवलेली वस्तू शोधावी तसं. मी शेजारी जाऊन उभी राहिले. पुढे चार दिवस पाणबुडी झाली, रोपवे झाला, सिंहाचलमही झालं, पण समुद्राबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. शिखा कंटाळून म्हणाली, "आजी को पसंद नहीं आया शायद."

अष्टमीला मंदिर भरलं होतं. पूर्वरंग झाला, बुक्का लावून झाला, बाई उत्तररंगाला उभ्या राहिल्या. सैन्य काठाशी आलं. मी सवयीने भीमपलासाचे सूर धरले आणि बाईंनी हाताने मला थांबवलं.

"मंडळी," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी तुम्हाला पलीकडचा काठ दाखवला. तो नाही. मी जाऊन बघून आले."

 आमचे तबलजी दिनकरराव स्पष्टवक्ते. ते पुटपुटले, "बाई, आम्हाला चालत होता."

"तुम्हाला चालत होता हो. रामाला कसा चालेल?" बाई त्यांच्याकडे वळल्या. "काठ दिसत असता तर रामराया तीन दिवस तीन रात्री दर्भावर कशाला बसले असते? काठ दिसला की माणूस होडी शोधतो. मी त्या पाण्याकडे बघत उभी होते. पाणी, मग पाणी, मग आभाळ. सीता त्याच्याही पलीकडे. कुठे, ते दिसत नाही. धूर नाही, झाड नाही. आणि तरी हा माणूस म्हणतो, मी इथेच बसतो."

पुढचे शब्द त्यांना सापडेनात. त्या तशाच उभ्या राहिल्या, चिपळ्या धरलेला हात छातीशी. मला वाटलं, झालं, ज्याची भीती होती तेच झालं. कुणी उठलं नाही. विजयाबाईंनी डोळे टिपले नाहीत, नुसत्या समोर बघत राहिल्या.

मी कुठलाच राग धरला नाही. नुसता षड्ज धरला आणि धरून ठेवला. दिनकररावांनी तबल्यावरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

मग बाईंनी डोळे मिटले आणि रामनाम सुरू केलं. हळू, एका सुरात. सुरुवातीला त्या एकट्याच म्हणत होत्या.