वाटाण्याएवढी गाठ

मित्रांनो, मी एक जुना, डोक्याला पोचा पडलेला माईक आहे आणि सध्या माझा मुक्काम चर्चच्या मागच्या खोलीत, नाताळच्या सजावटीच्या खोक्यात आहे. शेजारी लाकडी मेंढ्या आहेत, पंख तुटलेला एक देवदूत आहे. ही मंडळी कधी तोंड उघडत नाहीत, म्हणून मीच बोलतो. तुम्ही म्हणाल, माईकला कसली आलीय जीवनकथा? लोक बोलतात आणि तो पुढे पोचवतो, संपलं. खरं आहे. पण मी पोचवलेल्या शब्दांचं काय झालं ते मला पुढे कळलं आणि तेव्हापासून माझा जीव जळतो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. थोडी तांब्याची तार, एक चुंबक आणि वर लोखंडी जाळी, एवढाच माझा संसार. पहिली नोकरी लागली ती जनावरांच्या लिलावात. तिथे पुकारा करणारा ऑर्व्हिल पेनर हा गालात तंबाखू धरून बोलायचा आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. लंगडी गाय तो 'जरा लाजाळू आहे' म्हणून खपवायचा. एकदा एका बैलाने मला लाथ हाणली, हा पोचा तेव्हाचा. पुढे ऑर्व्हिलची तंबाखू सुटली, तो देवाच्या मार्गाला लागला आणि कॅन्ससच्या गव्हाच्या मुलखातल्या आमच्या लहानशा चर्चला त्याने मला देऊन टाकलं.

"लई खोटं बोललोय याच्यातून," तो चर्चच्या पाळकांना, म्हणजे पाद्रीसाहेबांना, म्हणाला. "आता जरा खरं बोलू द्या त्याला."

मला फार बरं वाटलं होतं. इथे दर रविवारी गाणी झाली की साक्षीची वेळ असायची. पाळक लॉयल निकेल मला स्टँडवरून काढून पहिल्या बाकावर द्यायचे आणि मी हातोहात मागे जायचो. देवाने आपल्यासाठी काय केलं ते ज्याने त्याने उभं राहून सांगायचं. कुणाच्या तोंडाला कॉफीचा वास, कुणाच्या पेपरमिंटचा. साठ माणसांची मंडळी. पाळकांची बायको वेल्डा आवाजाच्या यंत्रापाशी बसायची आणि सगळं रेकॉर्ड करून चर्चच्या वेबसाइटवर टाकायची. गावाबाहेर गेलेल्यांनाही ऐकता यावं म्हणून.

मला हातात धरणाऱ्यांमध्ये माझी सर्वांत लाडकी होती अर्डिस क्लासन. शाळेची बस चालवायची. आवाज असा भरदार, की तिच्या वेळी वेल्डाला बटण कमी करावं लागे. तिचा नवरा मर्ल विहिरींचे पंप दुरुस्त करायचा, स्वतःच्या ट्रकमधून, स्वतःच्या धंद्यावर. आजारपणाच्या विम्याचा हप्ता घराच्या हप्त्याहून जास्त होता, त्यामुळे दोघांचा विमा नव्हता.

एका वसंतात अर्डिसच्या डाव्या जबड्याखाली गाठ आली. पाळकांनी आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तिच्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तीन आठवड्यांत गाठ गेली. दरम्यान तिची एक किडकी दाढही पडली होती. चर्चच्या स्वयंपाकघरात भांडी विसळताना तिने वेल्डाला हसत सांगितलं, "देवाने दाढेतून काम केलं गं." स्वयंपाकघराचं दार माझ्या मागेच होतं, म्हणून हे मला ठाऊक. पण साक्ष देताना तिने दाढेचं नाव घेतलं नाही. दाढेला कोण आमेन म्हणणार? ती म्हणाली, "वाटाण्याएवढी गाठ होती. देवाने नेली." लोक रडले. माझीही जाळी शहारली.

त्याच वर्षी हेमंतात क्लेटन रीस नावाचे गृहस्थ आले. चर्चमध्ये सामुदायिक जेवण होतं, प्रत्येक घरातून एक पदार्थ. रीस यांनी तीन तऱ्हेचे केक खाल्ले, हात पुसले आणि मला हातात घेतलं. ते 'सहभार' नावाच्या मंडळाचे होते. विश्वासू कुटुंबांनी दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठवायची आणि मंडळ सांगेल त्या आजारी कुटुंबाला ती थेट पोचायची, सोबत प्रार्थनेचं कार्ड. दारू नको, तंबाखू नको आणि अर्जावर आपल्या पाळकाची सही हवी.

"आम्ही विमा कंपनी नाही," रीस म्हणाले आणि छातीवर हात ठेवला. "कंपनीला तुमचं नावही माहीत नसतं. आम्ही तुमचं कुटुंब आहोत."

मित्रांनो, हे वाक्य मी इतक्या प्रेमाने शेवटच्या बाकापर्यंत नेलं, की आज स्वतःची शरम वाटते. अकरा घरांनी अर्ज घेतले.

अर्डिस माझ्या समोरच्या टेबलावर अर्ज भरत होती. एका रकान्यापाशी अडली. "पाळकसाहेब, मागच्या आजारांचं विचारलंय. ती गाठ लिहू का?"

पाळकांनी तो रकाना वाचला. मग म्हणाले, "देवाने नेली ना? मग तू ती कागदावर परत कशाला आणतेस? तो तर अविश्वास झाला."

अर्डिसने 'काही नाही' असं लिहिलं आणि पाळकांनी खाली सही केली. कुणाच्याही मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

पुढची नऊ वर्षं मी देशभरातल्या आजारांची नावं ऐकत होतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा घरं, या वेळी पैसे कुणाला पाठवायचे ती मंडळाकडून आलेली आपापली चिठ्ठी वाचायची. टेनेसीतल्या कुणाचा खुबा, ओरेगॉनमधल्या कुणाची जुळी, वेळेआधी झालेली. अर्डिस पैशांबरोबर स्वतः विणलेली पुस्तकाची खूण घालायची. एकदा पंपांचा धंदा बसला तेव्हा तिने केस कापायला जाणं बंद केलं, पण सहभाराचं पाकीट कधी चुकलं नाही. मर्ल म्हणायचा, "आपली बायको अर्ध्या देशाच्या ऑपरेशनला हजर असते."

आणि दर वसंतात, तेल लावल्याच्या वाढदिवशी, पाळक तिला पुढे बोलवायचे. "अर्डिस, ती गाठीची गोष्ट सांग बरं." नव्या लोकांना ती ऐकवायची असायची.

आता खरं ते सांगतो. गाठ वाढत गेली. दुसऱ्या वर्षी ती गोटीएवढी झाली. चौथ्या वर्षी अक्रोडाएवढी. लबाडी म्हणून नव्हे हो. समोर माणसं डोळ्यांत पाणी आणून बसली की वाटाणा पुरत नाही. सातव्या वर्षी ती अंड्याएवढी झाली आणि आमेनने छत दणाणलं. बाहेर पडताना मर्ल म्हणाला, "अगं, जरा जपून. पुढच्या वर्षी कलिंगड होईल."

"गप रे," ती म्हणाली. "देवाला मोठी गाठ उचलता येत नाही की काय?"

मला स्वतःला अंडं फार आवडायचं. उगाच खोटं कशाला बोलू?

नवव्या वर्षी एका रविवारी गाताना तिचा आवाज फाटला. सगळ्यांच्या आधी मला कळलं, कारण मी तिच्या ओठांपासून चार बोटांवर होतो. पुढच्या महिन्यात तो घोगरा झाला. विचिटा शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यात उजव्या बाजूला कॅन्सर आहे, आवाजाच्या नसेला चिकटू पाहतोय. लवकर ऑपरेशन केलं तर जीवही वाचेल, आवाजही. उशीर नको.

"सहभार आहे ना," मंडळीतल्या सगळ्यांनी म्हटलं. मीही मनात म्हटलं.

सहभाराकडे खर्च मागितला आणि उत्तर आलं तेव्हा मर्लने ते पत्र उपासनेनंतर माझ्यासमोर उभं राहून वाचलं. आपण कधी माईकवर बोललेलो नाही हेही तो विसरला. पत्रात लिहिलं होतं, की सदस्य होण्यापूर्वीचा आजार सहभारात बसत नाही. भगिनी क्लासन यांनी आपल्या चर्चच्या वेबसाइटवरील साक्षीत स्वतःच सांगितलं आहे, की सदस्य होण्यापूर्वी त्यांच्या मानेत अंड्याएवढी गाठ होती. अर्जात मात्र 'काही नाही' असं आहे. सोबत साक्षीचा शब्दन् शब्द जोडला आहे.

शब्दन् शब्द. माझ्या जाळीतून गेलेला. कुणीतरी कानाला लावून बसलं होतं आणि आम्हाला वाटत होतं की ऐकतोय तो देव.

मर्लने तिथेच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तो माझ्याजवळ धरला. पलीकडे एक गोड आवाजाची बाई होती.

"नऊ वर्षं आम्ही पाठवलं," मर्ल म्हणाला. "एकही महिना चुकला नाही."

"त्याबद्दल देव तुमचं भलं करो. पण आम्ही विमा कंपनी नाही, मिस्टर क्लासन. आम्ही द्यायचं वचन कधी दिलेलंच नव्हतं. अर्जाच्या शेवटच्या पानावर ते आहे."

"मग तुम्ही आहात तरी कोण?"

"मी तुमच्यासाठी आत्ता फोनवर प्रार्थना करू का?"

मर्लने फोन बंद केला. जे वाक्य मी प्रेमाने पोचवलं होतं, तेच आता दार लावायला वापरलं गेलं. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हेच.

एकच वाट उरली होती. मंडळाचा नियम असा, की वाद पडला तर पाळकाचं पत्र ग्राह्य. जुनी गाठ डाव्या बाजूची होती, किडक्या दाढेची सूज होती, कॅन्सरशी तिचा संबंध नाही, एवढं पाळक लॉयल निकेल यांनी सही करून लिहायचं. अर्डिस आणि मर्ल एका बुधवारी दुपारी आले. मी स्टँडवर होतो, बटण बंद, पण बटण बंद असलं तरी मला ऐकू येतं.

"दाढ?" पाळक म्हणाले. "अर्डिस, तुझी साक्ष ऐकून माणसं विश्वासात आली. आता मी सही करून लिहू, की तो चमत्कार नव्हता, दाढ होती?"

"वाटाण्याएवढी होती, पाळकसाहेब. पहिल्या वर्षी मी काय म्हणाले ते आठवा. वेल्डालाही माहीत आहे."

वेल्डा भजनांची पुस्तकं लावत होती. तिने मान वर केली नाही.

"मोठी तुम्हीच करायला लावलीत," मर्ल म्हणाला. "दरवर्षी पुढे बोलवून."

"मी प्रार्थना करतो," पाळक म्हणाले. "पण हे मी लिहिणार नाही."

मला वाटलं होतं, परके लोक फसवतात. हे तर घरचेच पाळक होते. तेल लावणारा हात यांचाच, 'लिहू नकोस' म्हणणारं तोंड यांचंच, आणि गरज पडली तेव्हा सहीला तेवढा हात नव्हता.

पुढच्या रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा कुणी न बोलावता अर्डिस उठली. स्वतः चालत पुढे आली आणि मला दोन्ही हातांत घेतलं. हात गार होते. मर्ल तिच्या मागे उभा राहिला. त्यांनी ठरवलं होतं, पाळक लिहून देत नाहीत तर साक्षच मंडळाकडे पाठवायची. अंडं मंडळाच्या लोकांनी वेबसाइटवरून ऐकलं, तर वाटाणाही ऐकतील.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली. तिचा आवाज आता सुकलेल्या पानासारखा झाला होता. "ती गाठ कधी अंड्याएवढी नव्हती."

पाळकांनी वेल्डाकडे पाहिलं. वेल्डाने बटण खाली ओढलं.

माझा श्वास गेला. अर्डिस बोलत होती, तिचा प्रत्येक शब्द माझ्या जाळीवर येऊन आदळत होता, आणि मी त्यातला एकही पुढे नेऊ शकत नव्हतो. "वाटाण्याएवढी होती. दाढेची होती. मी वाढवून सांगितलं, कारण तुम्हाला आवडायचं. त्याची शिक्षा मला या गळ्यात देऊ नका." पहिल्या दोन बाकांना तेवढं ऐकू गेलं. तिथे पाळकांचेच नातेवाईक बसतात.

शेवटच्या बाकावरून म्हाताऱ्या ऑर्व्हिलने हात कानामागे धरला. "मागे ऐकू येत नाही गं पोरी. जरा मोठ्याने."

मोठ्याने तिला येत नव्हतं. तिने पुन्हा सांगितलं, ओठ मला लावून. मग आणखी एकदा. मग पाळकांनी पेटीवाल्या बाईंना खूण केली आणि गाणं सुरू झालं.

सोमवारी मर्ल रेकॉर्डिंग मागायला आला. वेल्डा म्हणाली, "त्या दिवशी झालंच नाही रे. माईक जुना झालाय." माझ्यावर ढकललं. आठवड्यात नवे माईक आले आणि मी या खोक्यात.

मर्लने ट्रक विकला, पंपांची अवजारं विकली, घर गहाण टाकलं. ऑपरेशन झालं, चार महिने उशिरा. या खोलीत खुर्च्या ठेवायला येणाऱ्या बायकांकडून मला कळलं, की अर्डिस वाचली, पण आवाजाची नस कापावी लागली. बसमधल्या मुलांना ती आता टाळ्या वाजवून गप्प करते. इकडे ती येत नाही. जुनी साक्ष मात्र वेबसाइटवर अजून आहे.

मित्रांनो, मला बाहेर काढा, पुसा, पुन्हा स्टँडवर लावा, असं मी म्हणत नाही. मी माझं भोगीन. माझं मागणं एवढंच आहे. कुणी पुढे उभं राहून काही सांगत असेल आणि तुम्हाला ऐकू येत नसेल, तर 'मोठ्याने बोल' म्हणून जागेवर बसून राहू नका. माईकवरही विसंबू नका, त्याचं बटण दुसऱ्याच्या हातात असतं. उठा आणि जवळ जा. आमच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकापासून पुढे यायला वीस पावलं लागतात. त्या रविवारी साठ माणसं होती आणि एकही उठलं नाही.