दोघांत एक काठी

मी काठी बोलतेय. दचकू नका, मारणार नाही. मारायचं माझं वय गेलं. पण एके काळी मी दिवसभर फटके मारायचे आणि त्यावर अख्खी मिल चालायची, हे आधीच सांगून ठेवते. नाही तर तुम्ही मला चारचौघींसारखी साधी म्हातारपणाची काठी समजाल.

मी इंदूरच्या एका कापड मिलमधली. मागावर सूत घेऊन धोटा इकडून तिकडे पळतो ना, तो काय आपल्या मर्जीनं पळत नाही. त्याला मागून सणसणीत फटका द्यावा लागतो. तो फटका देणारी लाकडी दांडी म्हणजे मी. मागाच्या दुसऱ्या टोकाला माझी जोडीदारीण. मी पाठवलेला धोटा तिनं परत पाठवायचा. आम्ही एकमेकींशी कधी बोललो नाही, त्या गोंगाटात कोण बोलणार! पण एक मोडली की दुसरी नुसती उभी. एकीवर माग चालत नाही.

आमच्या लाइनीचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते लक्ष्मणराव. माग बिघडला की "मास्टर, ओ मास्टर" अशी हाक उठायची आणि हे पान्हा घेऊन असे यायचे, जशी काही मिल ह्यांना सासऱ्यानं आंदण दिलीय. उंच, ताठ, मिशीला पीळ. कापसाचं तूस नाकातोंडात जायचं, सगळे खोकायचे. मास्टर खोकायचे नाहीत. म्हणजे खोकायचे, पण गुदामात जाऊन.

मग देशात नवं वारं आलं. बाजार खुला झाला म्हणे. बाजार खुला झाला आणि आमचं फाटक बंद झालं. त्या दिवशी मास्टर शेवटचे लाइनीत आले, मागावरून मला सोडवलं आणि पायजम्याच्या पायात घातलं. आता अशी दांडी पायजम्यात असल्यावर माणूस ताठ कसा चालणार? लंगडतच निघाले.

फाटकावर चौकीदारानं विचारलं, "काय झालं मास्टर?"

"गुडघा धरलाय भिया."

चौकीदारानं हात दिला बिचाऱ्यानं. ह्या घराण्यातला गुडघ्याचा पहिला बहाणा तो. पुढे तो बहाणा किती वर्षं चालणार आणि कुणाच्या गळ्यात पडणार, ते तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

घर छत्रीबागेत, दोन जिने चढून. मास्टरांच्या बायकोनं, मंगलाबाईंनी, मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, लोकांनी जाताना कापडाचं ठाण आणलं, तुम्ही लाकूड आणलंत? बंबात घालू का?"

"हात नाही लावायचा," मास्टर म्हणाले. बंबापासून मी वाचले ती अशी.

काही वर्षं मास्टरांनी पोलोग्राउंडवरच्या एका कारखान्यात चौकीदारी केली. मीही सोबत. माणसांना कापड देणारी मी, आता कुत्री हाकलू लागले. पण नोकरी आहे म्हटल्यावर लाज कसली! मग एका हिवाळ्यात मास्टरांची छाती वाजायला लागली. कारखान्याचं फाटक लोटलं की भिंतीला टेकावं लागायचं. डॉक्टरांनी तोंडात धरून ओढायचा पंप दिला. सांगितलं, मिलमधलं तूस आत बसलंय, हे आता जाणार नाही, सांभाळून राहा, पण रोज थोडं चालत जा.

त्याच सुमारास मंगलाबाईंचे गुडघे सुजू लागले. त्यांनाही डॉक्टरांनी तेच सांगितलं, आजार जायचा नाही, चालत राहा. वा रे औषध! एकाला चालायला दम नाही, दुसरीला पाय नाहीत, आणि दोघांना सांगितलं चाला.

मास्टरांनी नोकरी सोडली. गल्लीत विचारलं तर म्हणाले, "मंगलचे गुडघे गेलेत. घरी कुणी तरी पाहिजे ना."

मंगलाबाई शेजारीच उभ्या होत्या. एक क्षण नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हो ना, माझ्यामुळे बसले बिचारे घरी."

मी तेव्हा कोपऱ्यात उभी होते. काय म्हणू मी ह्या बाईला! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही नवऱ्याची तऱ्हा. आणि तो पीळ रोज तेल लावून जपायचा, ही बायकोची.

मग माझ्या बुडाला रबर बसवलं आणि मी मंगलाबाईंची काठी झाले. उंचीनं मी त्यांना अगदी बेतशीर. मास्टरांना बुटकी पडायचे, म्हणून त्यांना आणखी एक सबब मिळाली. "मला कशाला काठी? माझ्या हातात ती मुळात शोभतच नाही." झाकली मूठ सव्वा लाखाची.

रोज सकाळी देवळाकडे आमची वरात निघायची. मंगलाबाईंच्या उजव्या हातात मी, डावा हात मास्टरांच्या कोपरात. बघणाऱ्याला वाटायचं, किती सांभाळून नेतोय हो नवरा! वजन कुणाचं कुणावर पडत होतं ते मला विचारा. मास्टर बाईंवर, बाई माझ्यावर, आणि मी रस्त्यावर. रस्त्याचंही काही खरं नव्हतं.

मास्टरांच्या छातीत बारीक शिटी वाजायला लागायची. त्यांना स्वतःला कळायच्या आधी ती मंगलाबाईंना ऐकू यायची. लगेच मला जमिनीवर टेकवून त्या उभ्या राहायच्या. "गुडघा धरला हो. थांबा जरा."

"किती थांबतेस गं! अशानं देऊळ केव्हा यायचं?" मास्टर मोठ्यानं म्हणायचे, रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं. आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. तिथं एका साबणाची जाहिरात रंगवलेली होती. ती वाचता वाचता गुपचूप पंप ओढायचे. तीच जाहिरात, त्याच ओळी. शिटी थांबली की मंगलाबाई म्हणायच्या, "चला, बरं वाटलं."

आता खरं सांगते, आणि हे फक्त मलाच माहीत. मंगलाबाईंचे गुडघे चालताना तेवढे दुखत नव्हते, जेवढे उभं राहिलं की दुखायचे. चालतं ठेवलं तर सैल राहायचे. उभ्या राहिल्या की आखडायचे आणि पुन्हा पाऊल टाकताना त्यांची मूठ माझ्यावर अशी आवळायची की मला मागावरचे दिवस आठवायचे. तोंडातून मात्र हूं की चूं नाही.

संध्याकाळी मास्टर त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायला बसायचे. मन लावून चोळायचे, आणि थोड्या वेळात धाप लागायची. लगेच बाई म्हणायच्या, "बास, एकदम आराम पडला." कुठला आराम! वाटीतलं अर्धं तेल तसंच असायचं.

असं हे बरं चाललं होतं. आणि मग पीयूष आला.

पीयूष त्यांचा मुलगा. बाजार खुला झाला त्यात बापाची मिल गेली आणि मुलाला पुण्यात कंप्यूटरच्या कंपनीत नोकरी लागली. एका हातानं घेतलं, दुसऱ्या हातानं दिलं. पोरगा गुणी आहे, उगाच नावं ठेवणार नाही. आई जिना चढताना त्यानं पाहिलं आणि तिथंच ठरवून टाकलं.

"आई, आता बस झालं. मी तुला पुण्याला नेतोय. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. दोन जिने चढायचं हे रोजचं टेन्शनच नको."

"आणि हे?" मंगलाबाईंनी विचारलं.

"बाबा तर फिट आहेत! तुझ्यामुळेच अडकलेत इथं, तेच सांगतात ना सगळ्यांना. आणि आमचा फ्लॅट तसा लहान आहे. सोफा-कम-बेड आहे एक, त्यावर एक जण आरामात झोपू शकतो. बाबांना नंतर बघू ना, मोठा फ्लॅट घेतला की."

मुलगा आईवर जीव टाकत होता हो, आणि करवत बरोबर मधोमध चालवत होता. मंगलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी बोलतील. मास्टरांनी मिशीवरून हात फिरवला. "जा मंगल. लिफ्ट आहे म्हणतोय. माझी फिकर नको करू, मी तर बिल्कुल ठणठणीत."

हे म्हणून ते मोरीत गेले आणि नळ सोडला. नळाच्या आवाजात पंप ऐकू येत नाही. मंगलाबाई मला दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या. त्या गेल्यावर रस्त्यात ह्यांच्यासाठी थांबणार कोण, हा एकच प्रश्न होता त्यांच्यापुढे. आणि तो मुलाला विचारायचा तर नवऱ्याची मूठ उघडी करावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं फिरायला निघाले. पीयूष म्हणाला, "बाबा, आज आईला मी धरतो. तुम्ही मोकळे चाला. किती वर्षांनी चालाल मोकळे!"

मोकळे! पीयूषनं आईचा हात धरला आणि पुण्याच्या वेगानं निघाला. मास्टर मागे एकटे. साबणाच्या जाहिरातीपाशी यायच्या आधीच मला शिटी ऐकू आली. मंगलाबाईंनाही आली. मला टेकवून त्या उभ्या राहिल्या. "गुडघा धरला रे."

"चल आई, मी आहे ना. थोडंच राहिलं."

चार पावलं झाली, पुन्हा शिटी. पुन्हा त्या थांबल्या. "पीयूष, नाही होत रे. थांब."

"बघ! बघ, किती हाल होतायत तुझे," पीयूष म्हणाला. "मी परवाचंच तिकीट काढतो. आता मी तुझं काही ऐकणार नाही."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हे. नवऱ्याला श्वास मिळावा म्हणून बाई थांबत होत्या, आणि त्यांचं प्रत्येक थांबणं त्यांना नवऱ्यापासून लांब नेत होतं. न थांबावं तर मागे ते कोसळतील. थांबावं तर परवा गाडी. माझ्या मुठीवर त्यांच्या हाताला घाम सुटला होता. जन्मात मी एवढे फटके मारले, पण त्या दिवशी वाटलं, एक ह्या मास्टरांच्या पाठीत घालावा.

पोह्यांच्या दुकानासमोर आलो. तिथल्या बाकावर मिलमधली जुनी मंडळी रोज बसतात. त्यांच्यात वासुदेवराव, पूर्वी मास्टरांच्याच लाइनीतले. मंगलाबाई तिसऱ्यांदा थांबल्या आणि ह्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पीयूष त्यांना धरून "दुखतंय ना, दुखतंय ना" करायला लागला.

मास्टर मागून आले. भिंतीला धरत आले. जाहिरातीकडे पाहिलं नाही.

"काठी दे."

"अहो, राहू द्या..."

"दे म्हणतो ना, मंगल."

मास्टरांनी मला हातात घेतलं. मी बुटकी, ते उंच. वाकावं लागलं. त्या मिशीवाल्या माणसाला मी अख्ख्या मिलमध्ये कधी वाकलेलं पाहिलं नव्हतं. सगळ्या बाकासमोर ते माझ्यावर रेलले आणि खिशातून पंप काढून उघड्यावर ओढला. मग तुकड्या तुकड्यानं बोलले.

"गुडघे... तिचे आहेत. थांबणं... माझं आहे. ती नाही थांबत रे. मला थांबवते."

बाकावर कोणी पोहे चावेना. शेवटी वासुदेवराव म्हणाले, "लछमन भिया, हे तर आम्हाला केव्हापासून माहीत आहे."

"माहीत आहे? मग बोललात का नाही?"

"तू जॉबर. जॉबरला कोण सांगणार, की मास्टर, तुमची मशीन बिघडली?"

बाक हसला. मास्टरही हसले, हसता हसता खोकले, आणि पहिल्यांदाच गुदाम न शोधता खोकले. सगळ्या गल्लीला हे माहीत आहे, हे फक्त दोन माणसांना माहीत नव्हतं. एक पुण्याचा मुलगा, आणि दुसरे स्वतः मास्टर.

"मग मी काय करू, आई?" पीयूष रडवेला झाला होता.

मंगलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "अरे, आम्ही दोघं मिळून कसंबसं एक माणूस होतो. त्यातलं अर्धं तू नेणार, तर दोन्हीकडे काय उरेल? तुझ्या सोफ्यावर एक माणूस मावतं ना? चालायला आम्ही एकच आहोत रे, पण झोपायला जागा दोघांची लागते."

परवाच्या गाडीनं पीयूष एकटा गेला. पण जायच्या आधी धावपळ करून त्याच गल्लीत तळमजल्यावर खोली बघून गेला, सामानही हलवून दिलं. म्हटलं ना, पोरगा गुणी आहे. पुण्याहून त्यानं दोन नव्या काठ्या पाठवल्या, चकचकीत, हलक्या, प्रत्येकी एक. एकीनं मच्छरदाणी ताणून धरलीय. दुसरी गाय हाकलायला दारामागे असते.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी दाराच्या कडीला टांगलेली असते. माझं रबर पार झिजलंय, कुणी बदलून दिलंत तर उपकार होतील.

आणि दुसरी एक मागणी आहे, ती जरा जड आहे. ह्या दोघांतलं कुणी तरी आधी जाणार. एवढी मोठी मिल गेली, माणसाचं काय! त्या दिवशी मागे राहील त्याच्या हातात मला देऊ नका. त्याला पीयूषची चकचकीत काठी द्या. मला बंबात घाला, मी तिथली उरलेलीच आहे. एकट्याबरोबर चालणं मला शिकवलेलंच नाही, ना मिलमध्ये ना घरात.

थांबा, हाक आली.

"मंगल, काठी घे."

"तुमची आहे, तुम्ही घ्या."

"माझी कशी? गुडघे कुणाचे?"

"आणि छाती कुणाची?"

चला, निघते. लांब नाही, पोह्यांच्या दुकानापर्यंतच. वाटेत शिटी वाजली की मंगलाबाई मला टेकवून म्हणतील, "गुडघा धरला हो." आता अख्ख्या गल्लीसमोर उघड झालंय, तरी म्हणतील. आणि मास्टर भिंतीकडे तोंड करून साबणाची जाहिरात वाचत उभे राहतील. त्या भिंतीला केव्हाच चुना लागलाय, पण ते वाचतील.