मोठ्या डॉक्टरांचा हात

मेहुण्याने दिलेली मुदत रविवार संध्याकाळपर्यंतची होती. "भावजी, ताईला तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर सोमवारी सकाळी मी सुपरवायझरला सांगणार. मग नातं गेलं खड्ड्यात," असं तो आवाराच्या फाटकाशी म्हणाला होता. एरवी ज्याला दोन वाक्यांत तीन शिव्या लागतात, त्याने एकही शिवी न देता हे म्हटलं, यावरूनच क्रेनवाल्याने ओळखलं की हा सांगणार म्हणजे सांगणार.

गोष्ट एवढीच होती. क्रेनवाला पोलादी पाइपांच्या आवारात उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसायचा आणि मेहुणा खाली उभा राहून त्याला हाताने इशारे करायचा. वर बसल्या बसल्या क्रेनवाल्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली होती. पाइपांचा गठ्ठा हवेत, खाली माणसं, आणि वरचा गडी डोळे मिटून अंधारी ओसरायची वाट बघतोय. खालून इतकंच दिसायचं की गठ्ठा मध्येच थबकला. आधी मेहुण्याला वाटलं, भावजी चेष्टा करतायत. गेल्या आठवड्यात गठ्ठा थबकला तो नेमका त्याच्याच डोक्यावर, आणि त्याचा चेष्टेवरचा विश्वास उडाला. त्याने खोदून विचारलं तेव्हा भावजींनी खरं सांगितलं आणि वर कुणाला न सांगायची शपथ घातली.

आता हे बायकोला सांगायला अडचण कसली? बायको काही कजाग नव्हती. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहून दिवसभर लोकांची दुखणी ऐकायची, आणखी एक ऐकलं असतं. अडचण होती ती मोठ्या डॉक्टरांची.

मोठे डॉक्टर नात्यातले नव्हते, ओळखीतलेही नव्हते. एका पाच भागांच्या जाडजूड कादंबरीतले ते सर्जन. तिसऱ्या भागात त्यांचा उजवा हात बधिर व्हायला लागतो. ते कुणाला सांगत नाहीत, बायकोला तर नाहीच. त्याच हाताने ऑपरेशनं करत राहतात आणि मानाने निवृत्त होतात. बायकोला हे कळतं डॉक्टर गेल्यावर, आणि ती अभिमानाने रडते. हे पान वाचताना क्रेनवाल्याची बायको दर वेळी रडायची आणि डोळे पुसून म्हणायची, "माणूस असावा तर असा! स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर न ठेवणारा."

लग्न झाल्यापासून हे वाक्य क्रेनवाल्याने इतक्यांदा ऐकलं होतं की संसाराच्या जमाखर्चात कौतुकाची रक्कम सगळी डॉक्टरांच्या खात्यावर पडते, हे त्याने मान्यच करून टाकलं होतं. म्हणून पहिली अंधारी आली तेव्हा तो घाबरला, गप्प बसला, आणि सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्याला मनातल्या मनात थोडं बरंही वाटलं. आता आपणही काहीतरी एकट्याने सोसतोय म्हणून.

दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी त्यांच्या घरी या कादंबरीची भक्तमंडळी जमत. नवरा-बायको, मेहुणा, पुस्तकं बांधणारे काका आणि निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. काकांनी पाचही भाग स्वतःच्या हाताने बांधून घेतले होते आणि ते दुसऱ्याला हातात द्यायचे नाहीत, फक्त दाखवायचे. मंडळींचा एकच कायदा होता: पात्राबद्दल काहीही बोला, पण पुरावा मागितला की पान दाखवायचं. पान नसेल तर विधान बाद. दर वेळी एकाने प्रश्न आणायचा. आज पाळी क्रेनवाल्याची होती.

त्याने घसा खाकरला. "मोठ्या डॉक्टरांनी बायकोला सांगायला हवं होतं का?"

"हे काय!" बाई म्हणाल्या. "हा तर आपला बालवाडीतला प्रश्न."

"प्रश्न सुचला नाही असं सरळ सांगा ना राव," काका म्हणाले.

"सुचला नाही कसा?" मेहुणा भावजींकडे न बघता म्हणाला. "चांगला सुचलाय. होऊ दे."

बायको तर पदर खोचूनच उतरली. "सांगून काय होणार होतं? ती रात्रभर जागली असती. ते आहेत म्हटल्यावर पेशंट निम्मा बरा व्हायचा, तो आधार गेला असता. आणि ते घरी बसून काय करणार? झाडांना पाणी घालणार?"

"घालू दे की," मेहुणा म्हणाला. "झाडं मरत नाहीत. टेबलावर झोपलेल्या माणसाचं काय, ताई?"

"एकाला तरी काही झालं का? पान दाखव."

"झालं नाही म्हणून..."

"पान दाखव म्हणते ना!"

पान नव्हतंच. लेखकाने पाच भागांत एकाही पेशंटला ओरखडा येऊ दिला नव्हता. मेहुण्याचे कान लाल झाले.

"फासा सहा वेळा चांगला पडला," बाई सावकाश म्हणाल्या, "तर त्यात फासा टाकणाऱ्याचं कौतुक काय? सातव्या वेळेला फाशाला मागचं काही आठवत नसतं."

"बाई, तुम्ही सर्जनला जुगारी म्हणताय!"

"मी काही म्हणत नाही. गणित म्हणतंय."

क्रेनवाला ऐकत होता. त्याने हा डाव फार विचार करून मांडला होता. मंडळींनी डॉक्टरांना दोषी ठरवलं की बायकोचा आवेश उतरेल, मग सगळे गेल्यावर तिला हळूच सांगायचं, असा हिशेब होता. पण बायको उतरायच्या ऐवजी चढतच चालली होती. मेहुणा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, आणि घड्याळाकडे बघतोय हे भावजींना दिसावं अशा बेताने बघत होता.

"अगं, ते शूर नव्हते," क्रेनवाला एकदम म्हणाला. "भ्यायले होते."

इतक्या वर्षांत या घरात मोठ्या डॉक्टरांना भित्रा कुणी म्हटलं नव्हतं.

"पान?" बायकोने विचारलं. तिचा आवाज थंड होता.

"पान... हे बघ. ज्या दिवशी काम असायचं, त्या दिवशी ते सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत. पोटात काही असलं की डोकं जास्त फिरतं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. वर जायच्या आधी तोंड कोरडं पडायचं, तरी नाही. शूर माणूस असं करतो?"

"पाणी?" काका ताठ बसले. "पाण्याचं कुठंय? आणि डोकं कसं फिरेल? हात जायचा त्यांचा, हात!" त्यांनी तिसरा भाग उघडला आणि भराभर पानं उलटायला सुरुवात केली. "मी हे पुस्तक दोनदा शिवलंय, माझ्या नजरेतून पाणी सुटेल?"

बाईंनी चष्मा लावून घरच्या संचातला चौथा भाग ओढला.

बायकोच्या मांडीवरही पुस्तक होतं, पण ती शोधत नव्हती. या पुस्तकातलं प्रत्येक पान तिला ठाऊक होतं. पाणी त्यात नाही हे तिला न उलटताच कळलं होतं. तिला आठवत होती ती नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीतली बाटली. रोज भरलेली परत यायची. आवारात थंड पाण्याची सोय झाली असेल म्हणून ती रोज ते पाणी मोरीत ओतत आली होती.

"वर म्हणजे कुठे वर?" तिने विचारलं.

क्रेनवाला सावरून घ्यायला गेला. "ऑपरेशनची खोली... वरच्या मजल्यावर आहे ना."

"तळमजल्यावर!" काका ओरडले. "दुसऱ्या भागात पुराचं पाणी शिरतं ना तिथे! अहो, काय वाचलंत काय तुम्ही?"

बायकोने भावाकडे बघितलं. भाऊ स्वतःच्या पायाचे अंगठे बघत होता. झालं, तिला जे वाचायचं ते तिने तिथे वाचलं.

ती बोलली तेव्हा आवाज काउंटरवरचा होता, रांगेतल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा.

"चक्कर येते की अंधारी?"

"अंधारी," क्रेनवाला म्हणाला.

"उठल्यावर की बसल्या जागी?"

"बसल्या जागी. वर असताना."

"कुणाला अंधारी?" काका पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले. "कुठल्या भागात?" बाईंनी हळूच त्यांच्या पुस्तकावर हात ठेवला आणि ते बंद केलं. काकांनी त्या हाताकडे बघितलं, मग माणसांकडे, आणि पुस्तकाला दुसऱ्याचा हात लागलेला असूनही त्यांनी ते पहिल्यांदाच तसंच राहू दिलं.

"आणि तू रे?" बायको भावावर घसरली. "खाली उभा राहून बघत होतास?"

"शपथ घातली होती मला. आणि हे तुझ्यामुळेच, ताई. म्हणाले, तिला असली रडगाणी आवडत नाहीत."

"मी कधी म्हटलं?"

"दर महिन्याला," क्रेनवाला म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "माणूस असावा तर असा, म्हणतेस की."

बायकोचा आवाज फुटला. "अहो, त्यांना लेखक होता! टेबलावरचं एकही माणूस मरू द्यायचं नाही असं ठरवून बसलेला लेखक होता त्यांच्या मागे. तुमच्या मागे कोण आहे? खाली माझा भाऊ उभा असतो!"

बाई आणि काका उठायला लागले. चहा राहिला होता, पण आता चहा मागण्यात अर्थ नव्हता.

"बसा," बायको म्हणाली. "कुणी जायचं नाही. एकटे सापडले की हे रात्रीतून पुन्हा मोठे डॉक्टर होतील. तुमच्यादेखत होऊ दे." तिने फोन नवऱ्याच्या हातात ठेवला. "सुपरवायझरला लावा."

"आज रविवार आहे."

"अंधारी रविवार बघून येते का?"

क्रेनवाल्याने फोन लावला. पलीकडे टीव्हीचा गलका होता. सुपरवायझरने तो कमी करायला कुणाला तरी सांगितलं. "साहेब, उद्यापासून मला वर पाठवू नका," क्रेनवाला म्हणाला आणि कारणही सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता. पलीकडचं खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं.

"गठ्ठा हवेत असताना?" सुपरवायझरने विचारलं.

"हो."

"खाली माणसं असताना?"

"हो, साहेब."

पलीकडचा टीव्ही बंद झाला. "क्रेनवर परत बसायचं नाव आता विसर. सकाळी डॉक्टरांकडे जा, कागद घेऊन ऑफिसात ये. दुसरं काम देता येतं का ते वरचे ठरवतील, मी काही शब्द देत नाही. कधीपासून होतंय हे?"

बायकोने मनाशी आठवडा धरला होता, फार तर पंधरवडा. क्रेनवाल्याने तिच्याकडे बघितलं. खोटं बोलावं तर फोनवर साहेब होता आणि समोर ती.

"उन्हाळ्यापासून," तो म्हणाला.

बायकोच्या अंगावर स्वेटर होता. तिने बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली, आणि ती दुसऱ्या हाताच्या बोटांवर आली तेव्हा इतके महिने त्या गठ्ठ्यांखाली उभा राहिलेला मेहुणा उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.