पाठीला लागलेली माती

बेचाळीस वर्षं कुस्त्यांच्या मैदानात माईक धरून मौलाली शिकलगारांनी एकही निकाल चुकीचा सांगितला नव्हता. गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाज कायमचा गेल्यावर मात्र ते रोज शेकडो निकाल चुकीचे सांगू लागले, आणि तेही एकाच वेळी मलकापुरापासून जयसिंगपुरापर्यंत, ज्याच्या त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर.

हे पाप त्यांच्या मुलाचं, अल्ताफचं. अल्ताफ चव्वेचाळीस वर्षांचा, बी. कॉम. झालेला. उत्तरेश्वर पेठेत त्याचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवड आणि श्रद्धांजली असे तीन प्रकारचे फ्लेक्स तो करत असे. तिन्हींत माणसाचा फोटो बहुधा तोच असायचा, फक्त भोवतीची फुलं बदलायची. बिघडलेला चेहरा कॉम्प्युटरवर सुधारून देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण चेहरा सुधारता येतो, माणूस नाही, हे त्याला धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली त्याच आठवड्यात अल्ताफला कळलं की पुण्याची एक कंपनी मातीतल्या कुस्तीवर व्हिडिओ गेम करतेय आणि निवेदनासाठी त्यांना अस्सल आवाज हवाय. त्यानं वडिलांना गाडीत घालून पुण्याला नेलं.

"अब्बा, आवाज ऱ्हाईल तरी," तो म्हणाला.

मौलाली तीन दिवस काचेच्या खोलीत बसले. साठ पैलवानांची नावं, डावांची नावं आणि निकालाची वाक्यं त्यांनी कागदावर बघून म्हटली. चौथ्या आठवड्यात त्यांच्या गळ्याला भोक पडलं आणि हातात लिहायची पाटी आली.

निकाल सांगण्याची त्यांची एक पद्धत होती. दोन्ही खांदे मातीला टेकल्याशिवाय तोंडातून निकाल काढायचा नाही आणि टेकले की नाव घ्यायचं ते पडलेल्याचं. "अमक्याच्या पाठीला माती लागली!" बाकीचे निवेदक जिंकलेल्याचं नाव घेत. मौलालींचं म्हणणं असं की त्याचं नाव तर सगळं मैदानच घेतंय. पडलेलापण आठ म्हैनं मेहनत करून आलेला असतोय, त्याचं नाव एकदा तरी कुणीतरी माईकवरनं घ्यावं.

'लाल माती : अंतिम झुंज' बाजारात आला तेव्हा तालमीच्या ऑफिसात वीस-पंचवीस जण कॉम्प्युटरभोवती जमले. मौलालींना मधली खुर्ची दिली होती. पडद्यावरचे पैलवान गुडघ्यात न वाकता चालत होते. माती टोमॅटो सॉससारखी होती. हलगी वाजली तेव्हा कृष्णात वस्ताद, म्हणजे मौलालींचे लहानपणापासूनचे दोस्त आणि तालमीचे सर्वेसर्वा, दार कोण वाजवतंय म्हणून बघायला उठले. एवढं सगळं लोकांनी चालवून घेतलं. मग पडद्यावरच्या विश्वजित नावाच्या पैलवानानं समोरच्याला घिस्सा मारून चितपट केलं, आणि मौलालींचा तो खणखणीत आवाज गरजला :

"विश्वजितच्या पाठीला माती लागली!"

सगळ्यांनी पडद्यावर उभ्या असलेल्या विश्वजितकडं बघितलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "चाचांचा नेम हुकला की वो." मग सगळे हसले. वाईट मनानं कोणीच हसलं नाही, पण सगळे हसले.

अल्ताफनं दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. निशिगंधा नावाच्या मुलीनं तो घेतला.

"काका, मातीला तुमच्याकडे मान असतो ना? पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, कपाळाला लावतात. आम्ही रिसर्च केला होता."

"अंगाला लावत्यात, ताई. पाठीला लागती."

"म्हणजे फरक काय?"

कोल्हापुरात हा फरक माणसाला चालायला लागायच्या आधी कळतो, त्यामुळं समजावून सांगायची वेळ कधी कुणावर आलेली नव्हती.

"पाठीला लागली की गप घरी जायाचं," तो म्हणाला.

"ओह," ती म्हणाली. नोंद घेते, म्हणाली. नोंद घेतली हेही तिनं सांगितलं.

मौलाली रोज पाचला तालमीच्या कट्ट्यावर जात. आवाज गेल्यावरही जात, पाटी घेऊन. आता ते जाईनात. पाच वाजले की सदरा घालत, दारापर्यंत येत आणि चपला बघून परत फिरत. अल्ताफची बायको शमशाद त्या वेळेला मुद्दाम भांडी घासायला घेई, म्हणजे बघितलं नाही असं म्हणता यावं. त्यांना पुन्हा कट्ट्यावर बसलेलं बघायचं, एवढंच आता अल्ताफला हवं होतं.

गेम सगळीकडंच आपटला होता. चार महिन्यांनी कंपनीनं मोठी घोषणा केली : 'खेळ आता तुमचा! मॉडिंग टूल्स मोफत!' म्हणजे ज्याला गेम आवडला नसेल त्यानं तो स्वतः उघडावा, आतलं बदलावं आणि बदललेला भाग इतरांना वाटावा. खानावळीत अळणी मटण वाढून वर गिऱ्हाइकाला चूल कुठं आहे ते दाखवावं, तसा हा प्रकार होता. पण भुकेलेला माणूस चुलीकडं जातो. अल्ताफ गेला.

दुकान दुपारी बंद ठेवून तो ती टूल्स शिकला. हलगी तालमीतल्या वाजंत्र्याकडून नवी वाजवून घेतली. पैलवानांचे गुडघे वाकवले. मातीचा रंग जमेना, तेव्हा आखाड्याची माती हळद-ताक घालून मळणाऱ्या कृष्णात वस्तादांना शेजारी बसवलं.

"हळद कमी पडलीया," वस्ताद पडद्याकडं बघत म्हणाले. "आणि ताक घाटलंस का?"

"वस्ताद, रंग हाय ह्यो."

"मग ताकाचा रंग घाल की लेका."

त्यानं घातला. माती मातीसारखी झाली.

निकालाची चूक सापडायला अकरा दिवस गेले आणि सुधारायला दोन मिनिटं. एका तक्त्यात 'जिंकणारा' आणि 'हरणारा' असे दोन रकाने होते. त्यानं ते आपसांत बदलले. मग विश्वजितला मुद्दाम हरवलं आणि ऐकलं. विश्वजितच्या पाठीला माती लागली. अल्ताफ एकटाच दुकानात बसून होता. त्यानं विश्वजितला आणखी सहा वेळा हरवलं.

सुधारलेला भाग त्यानं 'खरी माती' नावानं सगळ्यांसाठी ठेवला. कंपनीनं समाजाच्या सर्जनशीलतेचं कौतुक केलं. महिन्याभरात तो एकतीस जणांनी उतरवून घेतला. तालमीतल्या पोरांना विचारलं तर ती म्हणाली, "त्यो गेम व्हय? कवाच उडवला की, दादा."

तरी अल्ताफनं आशा सोडली नव्हती. दुकानात आलेल्या यशराजनं ती सोडायला लावली. यशराज म्हणजे दूध संस्थेचे पुन्हा निवडून आलेले चेअरमन हंबीरराव यांचा कार्यकर्ता. दहा बाय वीसचा फ्लेक्स, उद्या सकाळपर्यंत.

"मजकूर लिवून घ्या," तो म्हणाला. "हंबीरराव साहेबांच्या पाठीला पुन्हा एकदा माती लागली! हार्दिक अभिनंदन!"

अल्ताफचा हात कीबोर्डवर थांबला. "यशराज, ह्याचा अर्थ काय हाय, ठावं हाय का तुला?"

"जिंकलं म्हणून! सगळीच म्हणत्यात आता. परवा आमची पुतणी बारावी पास झाली, तर आज्जी म्हणली, लागली बाई माती पाठीला." तो हसला. "त्या गेमवरनं आलंय. मोबाईलवर क्लिप फिरतीया. कुणी म्हातारा वरडतोय बघा त्यात. लई भारी."

"म्हाताऱ्याचं नाव?"

"त्ये कुठं ठावं हाय?"

अल्ताफनं फ्लेक्स करायला नकार दिला. तो पुढच्या चौकातल्या दुकानात झाला आणि सकाळी लागलाही. हंबीररावांच्या फोटोभोवती गुलाब होते. त्याखालून जाताना अल्ताफच्या लक्षात आलं की टूल्सनी गेम दुरुस्त होतो. गाव दुरुस्त करायची टूल्स अजून कोणी मोफत दिलेली नाहीत.

त्या संध्याकाळी त्यानं कॉम्प्युटर दुकानातून घरी आणला. कृष्णात वस्ताद आले. शमशादनं चहा ठेवला. वस्तादांनी स्वतः कळा दाबून स्वतःचाच पैलवान पाडून घेतला, निकाल बरोबर लागला आणि त्यांनी मांडीवर थाप मारली.

"आता बराबर बोलतंय की! चल मौला, ऊठ. कट्ट्यावर तुझी जागा ती पेपर वाचणारी मंडळी बसून बसून झिजवाय लागल्यात."

मौलालींनी मान हलवली. नाही.

"आता काय आणि? मशिन सुधारलं न्हवं? पोरानं महिनाभर दुपारचं दुकान बंद ठेवलं मर्दा तुझ्यापायी!"

मौलालींनी पाटी घेतली. बराच वेळ लिहिलं. मग ती वस्तादांकडं न देता अल्ताफकडं दिली.

'मशिन खोटं बोललं न्हाय. मी बोललो. समोर कुस्ती नव्हती. कागद होता. न बघता निकाल सांगितला.'

वस्तादांनीही ती वाचली. त्यांनी चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि जाताना मौलालींच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

अल्ताफला पहिल्यांदाच कळलं की वडील तालमीतल्या हसण्यामुळं घरात बसले नव्हते. त्यांच्या मते पोरं बरोबरच हसली होती. आणि त्या कागदापुढं त्यांना नेऊन बसवणारा कोण, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. ते लिहायची गरजही नव्हती.

"अब्बा, मीच न्हेलतो तुमास्नी," तो म्हणाला.

मौलालींनी पाटी त्याच्या हातातून काढून घेतली, बाहीनं पुसली आणि पुन्हा लिहिलं : 'एक बघून बोललोय. पैल्या दिवशी. माईक तपासताना. त्ये काढ.'

गेमच्या पोटात वापरलेल्या आणि न वापरलेल्या मिळून नऊशे फायली होत्या. 'टेस्ट' नावाची एक सापडली. पण टूल्समध्ये ती नुसती वाजवायची सोय नव्हती. आवाज कंपनीच्या मालकीचा, सबब खेळाबाहेर ऐकता येणार नाही, असं तिथं लिहिलं होतं. गेममध्येच कुठंतरी बसवावी लागणार होती. अल्ताफनं सगळे रकाने तपासले. एकच रिकामा होता : बरोबरी. कुस्ती निकाली झालीच नाही तर काय बोलायचं, हे कंपनीनं ठरवलंच नव्हतं. गेममध्ये बरोबरी कुणाला हवी असते? त्यानं फाईल तिथं ठेवली. बरोबरी व्हायला वीस मिनिटं कुणीच कुणाला पाडता कामा नये, असा नियम होता आणि तो बदलायची सोय टूल्सनी दिलेली नव्हती.

रविवारी दुपारी बापलेक कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या टाकून बसले. अल्ताफनं कुस्ती लावली आणि हात मांडीवर ठेवले. कळांना कोणी हात लावला नाही. दोन पैलवान समोरासमोर उभे राहिले. त्यांच्या छात्या खालीवर होत होत्या, मधेच एखादा पाय बदलायचा. पायाखालची माती अगदी तालमीतल्यासारखी होती. मौलाली सवयीनं पुढं झुकून बसले होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शमशाद एकदा डोकावून गेली. तिला वाटलं, गेम बंद पडलाय.

मोबाईल शेजारीच होता. त्यावर येणारा आवाज टिपून ठेवता आला असता. सुचलं नाही, असं अल्ताफनं नंतर शमशादला सांगितलं.

वीस मिनिटं झाली. पंचानं दोघांचे हात वर केले. क्षणभर काहीच झालं नाही. मग खरखर आली, कोणीतरी खाकरलं आणि आवाज लागला. कागदावरचा नव्हे, मैदानातला.

"मंडळी, हिकडं ध्यान द्या! काचंच्या पल्याड बघा! खुर्चीत बसल्यात अल्ताफ मौलाली शिकलगार, उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर! बापाला घिऊन पहाटंपासनं गाडी हाणत आल्यात! आणि मंडळी, डोळा लागलाय!"

अल्ताफला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी त्या काचेबाहेर आपण झोपलो होतो, एवढंच त्याला आठवत होतं. त्यानं बाजूला बघितलं. मौलाली पडद्याकडं बघत नव्हते. ते त्याच्याकडं बघत होते.

अल्ताफनं डोळे मिटले.

"मान चालली! उजवीकडं चालली!"

त्यानं मान उजवीकडं सोडली. निदान हा एक निकाल तरी खोटा ठरू नये.

"चालली... चालली... खांद्याला टेकतीया का काय! पंच, बसून बघा! टेकतीया का?... न्हाय! न्हाय मंडळी! सावरला! पोरगं सावरलं! कुस्ती बरोबरीत!"

मागं काचेच्या खोलीत कोणीतरी हसल्याचा आवाज आला आणि फाईल संपली. पडद्यावर पुन्हा खेळायचं का, असं विचारलं असावं. अल्ताफ ते वाचू शकला नाही, कारण त्याची मान अजून तशीच होती आणि डोळे मिटलेलेच होते. शेजारी खुर्ची सरकल्याचं त्याला ऐकू आलं. मग पाठीवर एक हात आला आणि तिथंच राहिला.

त्याला सावरायला बराच वेळ लागला. पोरगं सावरलं : बेचाळीस वर्षांत मौलालींनी आधी सांगून टाकलेला तेवढा एकच निकाल.